पाणी नाही अजून

तो खाटेवरून उतरून उभा राहिला आणि त्याचं पोट उघडलं.

मी हातभर अंतरावर होते. हातात स्टीलचा पेला होता. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. अंगातला हॉस्पिटलचा सदरा पुढून एकदम ओला झाला. मासळी धुतलेल्या पाण्याचा असतो तसा गुलाबी रंग. मला वाटलं, लघवीची नळी निघाली. मग त्याने दोन्ही हात पोटावर धरले आणि त्याच्या बोटांमधून जे दिसलं ते मी ओळखलं. मी जन्मभर मासळी कापली आहे. आतडं कसं दिसतं हे मला कुणी सांगायला नको.

तो पोटाकडे बघतच नव्हता. फरशीकडे बघत होता आणि म्हणत होता, "पाणी गार हाय रं."

मी ओरडले. बाजारात ओरडून ओरडून माझा आवाज मोठा झालेला आहे, त्या दिवशी त्याचा उपयोग झाला. सिस्टर पळत आली. "आजी, धरा त्यांना! बसवू नका, आडवं करा!" दोन वॉर्डबॉय आले. त्याला उचलून खाटेवर घातलं. सिस्टरने मिठाच्या पाण्यात भिजवलेला कपडा त्याच्या पोटावर ठेवला, वरून आणखी एक ठेवला, आणि खाट तशीच ढकलत घेऊन गेले. जाता जाता तो मान वळवून कुणाला तरी सांगत होता, "दोर धरून ठेव."

भिंतीला लागून त्याचा मित्र उभा होता. टोपी काढून हातात घेतलेली. तोंड उघडं.

"वैनी, मी काय केलं?"

"गप," मी म्हटलं. दुसरं काही बोलले असते तर त्याच्या थोबाडीत मारली असती.

तो मित्र आणि माझा नवरा चाळीसेक वर्षं एका बोटीवर होते. माझा नवरा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा मुख्य. मित्र खलाशी. वेसाव्याच्या खाडीतून निघायचे आणि दर्यात डोल लावायचे. डोल म्हणजे मोठी पिशवी असते जाळ्याची, ती ओढायला दहा हात लागतात. बोट कधीच विकली, गुडघे दोघांचेही गेले, तरी दोघं रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन बसायचे आणि दुसऱ्यांच्या बोटींना नावं ठेवायचे.

मग नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. तो बोलला नाही. मी हळदीचं पाणी दिलं, ओवा दिला, तो घेऊन गप्प पडायचा. एक दिवस जेवण सगळं उलटलं, उलटी हिरवी, पोट ताशासारखं ताणलेलं. मुलगा मरोळला कारखान्यात असतो, त्याला फोन केला, तो रिक्षा घेऊन आला. हॉस्पिटलात सांगितलं की आतड्याला पीळ बसला आहे, तेवढा तुकडा काळा पडला आहे, आत्ताच कापून काढला पाहिजे. कापला. छातीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत चीर आणि वरून पिना मारलेल्या.

पहिले दोन दिवस बरा होता. चहा मागितला. चहा द्यायचा नाही म्हटल्यावर मला शिवी दिली. सिस्टर हसली. "आजी, तुम्ही आजोबांना अरे-तुरे करता आणि ते तुम्हाला शिव्या देतात?"

"मग काय करू," मी म्हटलं, "आरती ओवाळू?"

त्या दोन दिवसांत मी झोपले, जेवले, शेजारच्या खाटेजवळच्या बाईबरोबर गप्पासुद्धा मारल्या. मला वाटलं झालं आता.

नंतर तो बदलला. दुपारची वेळ होती. मी त्याचे पाय पुसत होते. त्याने सलाईनची नळी धरली आणि ओढायला लागला. झटका देऊन नाही. एक हात, मग त्याच्या पुढे दुसरा हात, मग पहिला. नीट, संथ, दम राखून. मी हात धरले तर म्हणाला, "तू कोण रं? सोड. पाणी फिरायच्या आधी डोल वर घ्यायचीय."

मी म्हटलं, "मी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. रागाची नव्हती. बाजारात अनोळखी गिऱ्हाईक बघतं तशी होती. त्या बाईशी त्याला काही घेणं नव्हतं. लग्न होऊन पन्नास वर्षं होऊन गेली होती आणि मी त्या खाटेजवळ परकी बाई झाले होते.  मी स्टुलावर बसले.

डॉक्टरीण आली. पोरसवदा होती, डोळ्यांखाली काळं. म्हणाली, "आजी, म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर असं होतं. भूल असते, ताप असतो. बाबांच्या रक्तातलं मीठ खाली गेलंय. ते वर आलं की उतरेल."

"मीठ?" मी म्हटलं. "सगळा जन्म खाऱ्या पाण्यात गेला त्याचा, आणि मीठ कमी?"

ती हसली. पण किती दिवसांत उतरेल, हे तिने सांगितलं नाही.

हात बांधले. मऊ पट्टीने खाटेच्या दांडीला बांधले. तो बोटांनीच चाचपून गाठी सोडवायचा, डोळे मिटलेले असताना. सिस्टरने पुन्हा बांधलं, त्याने पुन्हा सोडलं. ती म्हणाली, "आजोबा, माझी ड्यूटी काय फक्त तुमच्या गाठी मारायची आहे का?" तो म्हणाला, "गाठ ही अशी मारतात?" सगळा वॉर्ड हसला. मी नाही हसले. तो कुठल्यातरी बोटीवर होता आणि तिथे मी नव्हते. आमच्यात बाया बोटीवर जात नाहीत. मला किनाऱ्यावरचं सगळं ठाऊक, टोपल्या, बर्फ, दलाल, गिऱ्हाईक. बोटीवर काय बोलतात, कसे वागतात ते मी कधी पाहिलेलंच नाही. आता तो तिथे आणि मी इथे, मधे तीन नळ्या.

भेटायच्या वेळी मित्र आला. त्याने पाहिलं, तांडेल जाळं ओढतोय आणि मी दोन्ही हातांनी त्याची मनगटं दाबून धरलीत. त्याला वाटलं आपण मदत करावी. तो खाटेजवळ वाकला आणि पुढच्या टोकावरून खलाशी हाक मारतो तशी त्याने हाक मारली, "तांडेल, बंदर आलं! सोड आता!"

माझ्या नवऱ्याने नळी सोडली. चेहरा सैल झाला. मी मित्राकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बरं झालं आला. सिस्टरने नुकतेच जेवण भरवायला म्हणून, म्हणजे दोन चमचे पाणी पाजायला म्हणून हात सोडलेले होते. मी पेला भरायला वळले.

बंदर आलं की ओढणं थांबतं, हे खरं. पण बंदर आलं की माणूस उतरतोसुद्धा. कमरेएवढ्या पाण्यात उडी मारतो आणि बोटीला खांदा लावतो. हे त्या मित्राला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्या घटकेला त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्या तर येणारच नव्हतं. मी वळले आणि तो उतरला.

पुढचं सुरुवातीला सांगितलं.

दुसऱ्यांदा आत नेलं तेव्हा दिवस होता, बाहेर कडक ऊन. मी ऑपरेशनच्या दारासमोर बाकावर बसले.  मला सारखं ते गुलाबी पाणी दिसत होतं. देवाचं नाव घ्यावं तर तोंडातून नाव निघेना. समोर एक बाई वडापाव खात होती. तिचा मला राग आला. काय कारण नव्हतं.

मुलगा मरोळहून आला. मित्र कोपऱ्यात उभा होता त्याच्याकडे सरळ गेला. "काका, उद्यापासून यायचं नाही. वाट लावलीत तुम्ही माझ्या बापाची." मित्र सत्तरीच्या पुढचा माणूस, हा पोर असताना त्याला खांद्यावर घेऊन नारळी पौर्णिमेला फिरवायचा. त्याने टोपी घातली. जिना उतरून गेला. मी मुलाला अडवलं नाही. माझी ताकद दाराकडे बघण्यात गेली होती.

डॉक्टरीण बाहेर आली. टोपी काढली, केस कपाळाला चिकटलेले. "शिवलंय," म्हणाली. "या वेळी जाड दोऱ्याने, सगळे थर एकत्र धरून. वरून पट्टा बांधलाय. पण आजी, नीट ऐका. आता पुन्हा सुटलं तर कठीण आहे. त्यांनी स्वतःहून उठायचं नाही. जोर करायचा नाही."

"बरं."

"आणि खोकायला पाहिजे."

"काय?"

"छातीत कफ साठतोय. खोकून बाहेर पडला नाही तर न्यूमोनिया होईल. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, दोन्ही हातांनी. सिस्टर दाखवतील."

 खोकला तर पोट फुटणार, नाही खोकला तर छाती भरणार. माणसाने कशाला घाबरायचं, ते तरी एक सांगा. पण तिच्यावर ओरडून उपयोग नव्हता. तिने काय ते सांगितलं होतं.

त्या दिवसानंतर मी दर खोकल्याला घाबरले. त्याच्याच नाही. वॉर्डात कुणीही खोकलं की माझे हात उशीकडे जायचे. चादर बाजूला करून सिस्टर पोट बघायची तेव्हा मी भिंतीकडे तोंड करायचे. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर गायीचं चित्र. ती गाय मला आजही हुबेहूब आठवते. सिस्टर "कोरडं आहे" म्हणाली की मी वळायचे.

तो शुद्धीवर आला तरी किनाऱ्याला आला नाही. डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय, "बंदर आलं ना? उतरायचंय." हात बांधलेले होते. तो बांधलेले हात ओढायला लागला, मान वर करायला लागला, पोटाचे स्नायू ताणले. मला ते पट्ट्याखाली दिसले. पट्टा वर आला, खाली गेला. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. "नको, नको, पडून राहा." तो ऐकेना. मी कोण त्याला सांगणारी? अनोळखी बाई.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी नाही अजून."

आमच्या खाडीत गाळ साचलाय. ओहोटीला बोट आत येऊच शकत नाही, तळ लागतो. बोटी बाहेर थांबतात, भरतीची वाट बघत. आम्ही बाया टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या असायचो, लांब बोटी दिसायच्या, त्यातली आपली कुठली तेही ओळखू यायचं, आणि कुणी विचारलं अजून कशा नाही आल्या, तर सांगायचो, पाणी नाही अजून. हजार वेळा बोलले असेन ते. त्या दिवशी विचार करून नाही बोलले. भीतीने बोलले.

त्याने ओढणं थांबवलं. "ओहोटी हाय?"

"हो."

"भांगाचं पाणी, चढणार नाय लवकर," तो म्हणाला. "मग पडतो मी." आणि मान टेकली. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमजोर भरती.

 सिस्टरने विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?" मी म्हटलं, "काही नाही, समुद्राचं बोलतो तो." तिला दुसऱ्या खाटेवरून हाक आली, ती गेली.

मग मी तेच करत राहिले. तो हलला, मान उचलली, की मी कानाशी जाऊन सांगायचे, पाणी नाही अजून. तो पडून राहायचा. माझी सून डबा घेऊन यायची, तिलाही शिकवून ठेवलं. ती भाईंदरची, तिला खाडी-बिडी माहीत नाही. ती म्हणायची, "बाबा, पाणी गेलंय, आलं नाही." तो डोळे मिटूनच म्हणायचा, "नळाचं नाय गो, खाडीचं." सून लाजायची. पण तो पडून राहायचा. पोट कोरडं होतं.

मला वाटलं की जमलं. एक-दोन दिवस तसंच वाटलं.

पण तो फार शांत झाला. हात सोडले तरी हलवेना. नळी ओढेना. पाणी पाजलं तर ओठांच्या कडेने खाली यायचं. श्वास छोटा छोटा झाला. वर वरचा, आत जात नसलेला. छातीत घरघर. डॉक्टरणीने एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं, त्यात तीन गोळे, नळीतून ओढलं की गोळे वर जातात. ती म्हणाली, दर तासाला ओढायला लावा. मी नळी त्याच्या तोंडात धरली. "ओढ." गोळे हलले नाहीत.

"उठून बसवायला पाहिजे यांना," डॉक्टरीण म्हणाली. "पडून पडून फुप्फुसाचा खालचा भाग बंद पडतोय. आपण धरून बसवू. पण त्यांनी साथ द्यायला हवी, अंग सोडून दिलं तर टाक्यांवर भार येतो."

मी त्याच्या कानाशी गेले. "ऐक. पाणी आलं."

काही नाही.

"पाणी आलं रे. भरती आहे. ऊठ."

त्याने डोळे उघडलेच नाहीत. हळू म्हणाला, "मागच्या खेपेला पण असंच फसवलंत."

 त्याला बाकी काही आठवत नव्हतं, माझं तोंड आठवत नव्हतं, पण बंदर आलं म्हणून सांगितलं आणि उतरल्यावर काय झालं, ते त्याच्या अंगात राहिलं होतं. आता तो कुणाचं ऐकणार नव्हता. आणि त्याला बाहेर थांबवून ठेवणारी मीच होते. तसं केलं नसतं तर टाके गेले असते, हेही खरं. पण त्यामुळे माझी भीती कमी झाली नाही.   सुनेने डबा उघडला तर मासळीच्या वासाने मळमळलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टरीण मुलाला बाजूला घेऊन बोलली. मी ऐकलं. उद्यापर्यंत सुधारलं नाही तर वरच्या मजल्यावर न्यायचं, मशीनवर ठेवायचं. मशीनवरून या वयात माणूस परत येतोच असं नाही. मुलगा हो हो करत होता आणि हाताने भिंतीचा रंग खरवडत होता.

मी खाली उतरले. हवा खायला नाही. त्याचा मित्र खाली बसतो, हे मला सुनेने सांगितलं होतं. रोज येतो म्हणे, वर येत नाही, गेटजवळच्या कट्ट्यावर बसून राहतो आणि भेटायची वेळ संपली की जातो.

होता. मला बघून उभा राहिला.

"इथे बसून काय राखतोस?" मी म्हटलं. "गाड्या?"

"वैनी..." त्याचा आवाज फुटला. "गेला काय?"

"नाही गेला. रडू नको, मला वेळ नाही. मला सांग, खाडीच्या बाहेर थांबलात, पाणी चढलं, की तांडेलाला कोण सांगतं?"

 त्याला वाटलं असेल हिचंही डोकं फिरलं.

"सांग ना रे!"

"कोण नाय सांगत."

"म्हणजे?"

"तांडेलाला कोण सांगणार? तो काय झोपतो काय. पडलेला असतो, पण झोपलेला नसतो. आपणच उठतो, पुढे येतो, बांबू घालून बघतो. मग बोलतो, चला." त्याने टोपीने डोळे पुसले. "मी एकदा सांगितलेलं, नवीन होतो तेव्हा. पाणी आलं तांडेल, म्हणून. मना बोलला, तू तांडेल काय? तुझ्या बापाची बोट काय? सगळ्या बोटीसमोर. एक महिना बोलत नव्हता माझ्याशी."

"आणि मग त्या दिवशी कशाला सांगितलंस, बंदर आलं?"

"त्याचे हात बघवले नाय मना," तो म्हणाला.

मी जिना चढून वर आले. मधल्या वळणावर थांबायला लागलं. मला काही सुचलं होतं असं नाही. मला एवढंच कळलं होतं की त्याला सांगून उपयोग नाही, विचारलं पाहिजे. आणि विचारलं आणि तो झटक्याने उठला तर? मागच्या वेळी एका हाकेने पोट फुटलं होतं. या वेळी माझ्या हाकेने फुटलं तर मी कुठे जाणार? मुलगा मित्राला तरी हाकलू शकला.

मी सिस्टरला आधी बोलावलं. तिला म्हटलं, खाटेचं डोकं वर करायचा दांडा धरून उभी राहा. तिने दांडा धरला. मी उशी त्याच्या पोटावर ठेवली, दोन्ही हात वरून दाबले, आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"तांडेल," मी म्हटलं. सगळ्या जन्मात मी त्याला कधी तांडेल म्हणून हाक मारली नव्हती. "पाणी किती आहे?"

पापण्या हलल्या.

"आम्हाला काही कळत नाही. तूच बघ."

 मास्कमध्ये वाफ यायची, जायची. मग तो म्हणाला, "पुढे घ्या मना."

मी सिस्टरला मानेने खूण केली. तिने दांडा फिरवायला सुरुवात केली. खाटेचं डोकं हळूहळू वर आलं. मी उशी दाबून धरली होती, माझ्या हाताखाली पट्टा, पट्ट्याखाली टाके, आणि मला वाटत होतं की एकेक टाका मला ऐकू येतोय. तो जसजसा वर आला तसतसं छातीत काहीतरी हललं. घरघर वाढली. त्याचं तोंड लाल झालं.

आणि तो खोकला.

साधा खोकला नव्हता तो, तळातून आलेला. सगळं अंग वर उडालं. मी उशीवर सगळा भार टाकला, डोळे मिटले आणि वाट बघितली. गुलाबी पाण्याची. हाताला ओलं लागेल याची. तो पुन्हा खोकला. पुन्हा. सिस्टर ओरडत होती, "छान आजोबा, अजून, अजून," आणि मला तिचं तोंड दाबावंसं वाटत होतं. मास्क काढून तिने भांडं पुढे धरलं आणि त्यात पिवळा, जाड, दोरीसारखा कफ पडला.

मग थांबलं.

सिस्टरने चादर उचलली. मी भिंतीकडे वळले नाही. हात उशीवरून निघतच नव्हते, तिने ते बाजूला केले. मी बघितलं. पट्टा, त्याच्या कडेने दिसणारे काळे जाड दोरे, सुजलेली कातडी. कोरडं होतं.

मी खाली बसले. स्टुलावर नाही, फरशीवर.

तो खिडकीतून बाहेर बघत होता. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, एसीचे डबे आणि त्यावर कबुतरं.

"ही कुठची खाडी?" तो म्हणाला.

"अंधेरी."

 "अंधेरीला खाडी कुठे हाय?"

"नाहीच आहे. हॉस्पिटल आहे हे."

"कुणाला काय झालं?"

"तुला. पोट दोनदा कापलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीवर, केस सुटलेले, किती दिवसांची तीच साडी. "मग आधी सांगायला काय झालं होतं तुला," तो म्हणाला. मग विचारलं, "तू जेवलीस?"

तो लगेच पूर्ण परत आला असं नाही. संध्याकाळी पुन्हा कुणाला तरी दोर सोडायला सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओळखलं, दुपारी नाही ओळखलं. असं चार-पाच दिवस चाललं. दर वेळी तो हरवला की मला पहिल्यासारखीच भीती वाटली, सवय वगैरे काही झाली नाही. पण बसायला लागला. खोकायला लागला. त्या खेळण्यातला एक गोळा वर गेला, मग दोन. डॉक्टरणीने रक्त बघितलं, म्हणाली मीठ वर आलंय, त्यामुळे शुद्ध येतेय. असेल. तिचं शिक्षण आहे, माझं चौथीपर्यंत. मीठ चढवलं त्यांनी, औषधं दिली त्यांनी, शिवलं त्यांनी. मी उशी धरली.

मित्राला मीच वर आणलं. मुलगा काही बोलणार होता, त्याच्याकडे बघितलं तशी गप्प बसला. मित्र खाटेपासून लांब उभा राहिला, हात मागे बांधून. माझा नवरा म्हणाला, "ये ना जवळ. चावतो काय मी?" मित्र जवळ आला पण तोंड उघडेना. बहुतेक त्याला भीती वाटली की काही बोललो तर परत उठेल. सगळा वेळ दोघं गप्प बसले. निघताना मित्र मला दारात म्हणाला, "वैनी, त्याला आठवतं?"

"नाही," मी म्हटलं. ते खोटं होतं की खरं, मला अजून माहीत नाही. मी नवऱ्याला कधी विचारलं नाही आणि त्याने कधी काढलं नाही.

टाके काढले तेव्हा मी बघत होते. एकेक दोरा कापून ओढून काढला. प्रत्येक वेळी वाटलं, आता सुटेल. शेवटचा निघाला तरी वाटलं. घरी आणलं, रिक्षा खड्ड्यातून गेली, तेव्हाही वाटलं.

नाही सुटलं. माझा नवरा जगला.